पाहुण्याला खुर्ची कुणी द्यायची?

"जगातलं कुठलंही भांडण घ्या, खुर्च्या नीट मांडल्या की मिटतं!" हे वाक्य खुर्चीमास्तर रोज एकदा तरी ऐकवायचे. खुर्चीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी समारंभात कोण कुठे बसणार हे ठरवणाऱ्या खात्याचे ते प्रमुख. ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे असं म्हणायचे, पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि त्यांनीही ती पदवीच मानून घेतली. माणूस कामात मात्र पक्का! कुणाची खुर्ची बोटभर जरी पुढे सरकली तरी त्यांना लांबूनच दिसायची.

तर एके दिवशी सकाळी शहराच्या खेळाच्या मैदानात परग्रहावरचं यान उतरलं. चांगलं तीन मजली, करडं, आणि एखाद्या प्रचंड कुकरसारखं गप्प. कुकर निदान शिट्टी तरी देतो. हे नुसतंच बसून होतं, त्यामुळे बघणारे आणखी चार पावलं मागे सरकत होते.

मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. आलेत ते पाहुणे की शत्रू? यावर घसा बसेपर्यंत चर्चा झाली आणि शेवटी एकमतानं ठरलं, की दोन्ही धरून चालावं! म्हणजे पुढे मंत्रिसाहेबांनी पुष्पगुच्छ घेऊन बसायचं आणि त्यांच्या मागे जनरलसाहेबांनी तोफा लावायच्या. ऐनवेळी जे लागेल ते करायचं.

खुर्चीमास्तर खुर्च्यांचा ट्रक घेऊन मैदानात पोचले, समोर पाहिलं आणि जागीच थबकले. तोफांची तोंडं यानाकडे, आणि यानाच्या मागे जरा बाजूला, रस्त्यापलीकडे, त्यांच्या बायकोचा दातांचा दवाखाना! सगळी गल्ली रिकामी केली होती, पण दवाखान्यातला दिवा चालू होता. त्यांनी घाईघाईनं फोन लावला.

"अगं, तू अजून आतच?"

"अहो, पेशंटची दाढ अर्धी कोरून झालीय. अशीच उघडी टाकून येऊ?"

"समोर तोफा लावल्यात! नेम चुकला तर थेट तुझ्या दारात!"

"मग त्यांना नेम नीट धरायला सांगा. मला अजून थोडा वेळ लागेल." आणि फोन ठेवला सुद्धा!

खुर्चीमास्तर धावत जनरलसाहेबांकडे गेले. जनरलसाहेब दुर्बिणीतून यान बघत होते, खरं म्हणजे यानाच्या चकचकीत पत्र्यात स्वतःच्या मिशा बघत होते.

"साहेब, तोफा कधी डागणार?"

"दार उघडलं की डागणार. अर्ध्या तासात उघडलं नाही, तरी डागणार!"

"मग त्यानं दार उघडून काय उपयोग?"

"आम्हाला उपयोग आहे ना! आत काय आहे ते तरी कळेल."

"साहेब, मागच्या दवाखान्यात माझी बायको आहे हो!"

जनरलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "देशासाठी प्रत्येकाला काही ना काही द्यावं लागतं. तुमचं नाव आम्ही लक्षात ठेवू."

आता काय करावं? बंदूक यांना धरता येत नाही, जनरलसाहेबांना अडवायची छाती नाही. आयुष्यभर केलं काय, तर खुर्च्या मांडल्या. मग त्यांनी तेच केलं! पहिल्या रांगेत मंत्रिसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला पोलीसप्रमुख, आणि जनरलसाहेबांची खुर्ची मुद्दाम दुसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे.

बॉम्ब पडला असता तरी एवढा आवाज झाला नसता!

"मी मागे? आणि हा शिट्टीवाला पुढे?" जनरलसाहेब गरजले.

पोलीसप्रमुख आरामात मागे रेलले. "मैदान शहरात आहे. शहर पोलिसांचं."

"यान आकाशातून आलंय! आकाश सैन्याचं!"

"आकाशात होतं तोवर तुमचं. तेव्हा काय झोपला होतात? खाली उतरलं की आमचं."

तोफांवरची माणसं हुकमाची वाट बघत ताटकळली आणि हुकूम देणारे खुर्चीवरून भांडत बसले. अर्धा तास उलटून गेला. खुर्चीमास्तर एक डोळा दवाखान्याच्या दिव्यावर ठेवून मनातल्या मनात म्हणत होते, आटप गं बाई, आटप! शेवटी मंत्रिसाहेब वैतागले. त्यांनी जनरलसाहेबांची खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि पोलीसप्रमुखांची जरा कडेला सरकवली. पोलीसप्रमुखांचं तोंड एवढंसं झालं. जनरलसाहेब ऐटीत बसले, त्यांनी हात वर केला, आणि तेवढ्यात यानाचं दार उघडलं.

आतून एक उंच, काटकुळा, हिरवट प्राणी उतरला. हातात काही नाही, म्हणून मंत्रिसाहेबांनी जनरलसाहेबांचा हात खाली ओढला. तो संथपणे चालत खुर्च्यांच्या रांगेसमोर येऊन उभा राहिला.

"उठायचं की बसून राहायचं?" मंत्रिसाहेबांनी ओठ न हलवता खुर्चीमास्तरांना विचारलं.

"ते पाहुण्यांच्या दर्जावर आहे, साहेब."

"मग काय आहे दर्जा?"

"कळलेला नाही, साहेब." हे बोलता बोलता खुर्चीमास्तरांच्या भलतंच लक्षात आलं. दर्जा कळल्याशिवाय खुर्ची लावायची नाही, हा त्यांच्या खात्याचा कडक नियम. मंत्र्यांना खुर्ची होती, मंत्र्यांच्या मदतनिसाला होती, फोटोग्राफरला होती, तोफेच्या गोळ्यांच्या पेटीखालीसुद्धा एक होती. नव्हती ती फक्त पाहुण्याला!

पाहुण्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मंत्रिसाहेबांनी आपल्या खुर्चीचे हात घट्ट धरले. आपली द्यावी असं कुणाच्याही मनात आलं नाही. मग तो वळला, यानाला वळसा घालून रस्ता ओलांडून गेला, आणि सरळ दवाखान्यात शिरला.

"शत्रूनं इमारत ताब्यात घेतली!" जनरलसाहेब खुर्चीवर चढून ओरडले. "तोफा दवाखान्यावर धरा!"

खुर्चीमास्तर कसे पळाले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. एक चप्पल मैदानात, दुसरी रस्त्यात. दवाखान्याच्या दारात पोचले, दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि सारा जीव गोळा करून ओरडले, "आत माझी बायको आहे! आधी मला उडवा!" आणि जागचे हलले नाहीत.

"बाजूला व्हा! फाय..."

"थांबा!" हे पोलीसप्रमुख होते. "इमारत पोलिसांच्या हद्दीत आहे. आमची परवानगी लागेल. ती नाही."

"का नाही?"

"मगाशी माझी खुर्ची सरकवताना माझी परवानगी घेतली होती?"

परत जुंपली! दोघं हमरीतुमरीवर आले, आणि इकडे खुर्चीमास्तरांच्या पाठीमागचं दार करकरलं. त्यांनी डोळे गच्च मिटले. त्यांच्या कानाजवळून कुणीतरी उंच, थंडगार असं निघून गेलं. मैदानात एकच किंकाळी उठली आणि सगळं सरकार आपापल्या खुर्चीखाली घुसलं. डोळे उघडून बघतात तो यान वर, ढगात, आणि मग दिसेनासं.

"पळाला!" खुर्चीखालून जनरलसाहेबांचा आवाज आला. "आपल्या तोफांना घाबरला!"

"स्वागतानं भारावून गेला," मंत्रिसाहेब दुसऱ्या खुर्चीखालून म्हणाले.

बायको हातमोजे काढत दारात आली. तिला धडधाकट बघून खुर्चीमास्तरांना रडूच कोसळलं. "अगं, त्यानं तुला काही केलं तर नाही ना?"

"तो कशाला काही करेल? भारी सभ्य होता हो बिचारा. आला, गप्प बसला, पेशंटचं होईपर्यंत थांबला. फक्त जाताना बसलेली खुर्ची उचलून घेऊन गेला."

"खुर्ची? ती कशाला?"

"पुढच्या वेळी आपली आपण आणावी, असं ठरवलं असेल त्यानं."