राजवाडे काकूंचा मूस

दिवाळीला लोक दारात कमळ काढतात. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात, आमच्या घरांच्या ओळीत राजवाडे काकूंनी रांगोळीत मूसचं, म्हणजे थंड मुलखातल्या त्या अवाढव्य हरणाचं, मुंडकं काढलं, फावड्यासारख्या शिंगांसकट. पार्सलवाला दचकून दोन पावलं मागे सरला. काकू खूश. "ओळखलं बघ त्यानं!"

काकू म्हणजे माझ्या शेजारणीची, मेघनाची आई. सांगलीच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेलं. तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या आणि करोनाने विमानंच बंद पाडली. त्यांचे यजमान, नाना, तिकडे सांगलीत एकटे. पुढे विमानं सुरू झाली तरी मेघना आईला सोडेना. गावाबाहेरच्या प्राणिबागेचं कुंपण सायकलच्या रस्त्याला लागून आहे, तिथे काकूंना मूस भेटला. इतकी वर्षं नुसत्या चित्रावरून शिकवलेला प्राणी जिवंत समोर आल्यावर बाई कामातून गेल्या.

"हे शिंग नव्हे, हाड! आकृती काढू का?" नको म्हणेपर्यंत आकृती तयार. कधी परातीतल्या पिठात, कधी खिडकीच्या वाफाळलेल्या काचेवर. चैत्रात कोंब फुटतो. वर मखमली कातडी, आत रक्त. भाद्रपदात ती कातडी फाटून लोंबायला लागली, तेव्हा मी घाबरून प्राणिबागेला फोन लावत होतो. काकू हसल्या, "दरवर्षीचंच आहे ते. हळद घेऊन जातोस का?"

मग माद्यांसाठी मारामाऱ्या. आमचा मूस एकटाच नर, म्हणून तो झाडाशी भांडला. तेही ऐन अधिक मासात. "मेल्याला मुहूर्ताची काही चाड?" थंडीत अंगातला जोर ओसरला की बुडाशी हाड सैल होतं आणि शिंग गळतं. "लग्नसराई संपली, चारा कमी. एवढं ओझं डोक्यावर कशाला मिरवायचं? चैत्रात पुन्हा नवं!"

नाना मात्र फोनवर दीड वाक्याचे. "जेवलीस? बरं, ठेवतो." काकू रडवेल्या व्हायच्या. "माणूस तिकडे एकटा, दोन शब्द बोलेल तर शपथ." एकदा त्यांनी सहज शिंगाचं सांगितलं. नाना म्हणाले, "गळतं म्हणजे? दुखत नाही त्याला?" त्या दिवशी फोन अर्धा तास चालला! तेव्हापासून नानांचा रोजचा पहिला प्रश्न, "पडलं का?" आणि मग खोकल्यापासून शेजारच्या मांजरीपर्यंत सगळं.

डिसेंबरात प्राणिबाग बंद झाली, तरी काकू मेघनाचं जाकीट घालून रोज कुंपणाशी हजर. एक शिंग पडलं. मूस दोन दिवस मान वाकडी करून हिंडला. तिसऱ्या दिवशी दुसरंही गेलं, तेव्हा मी सोबत होतो. काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"पडलं का गं?"

काकूंनी त्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं. "नाही हो. दोन्ही घट्ट आहेत अजून."

"असं? मग तिकडे अजून थंडी नसेल फार. तरी तू स्वेटर घालत जा."

मी डोळे वटारले. काकूंनी फोनवर हात ठेवला आणि कुजबुजल्या, "पडलं म्हटलं, की ठेवतील रे ते."