पंचा वर, दाजी घरात

आमच्या गिरगावातल्या चाळीत शिवराम दळवी घरात आहेत की नाहीत, हे बघायला त्यांच्या दारापर्यंत जावं लागत नसे. रस्त्यावरून मान वर करायची. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला एक काठी बांधलेली, काठीच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोरी आणि दोरीला लाल काठाचा पंचा. पंचा वर असला की दळवी घरात. पंचा खाली असला की बाहेर. कोपऱ्यावर विड्या आणायला गेले तरी पंचा उतरवून जात आणि परत आले की चपला काढायच्या आधी चढवत.

नव्या बिऱ्हाडकरूंना वाटे, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. मलबार हिलवर लाटसाहेबांच्या बंगल्यात झेंडा चढवायचं आणि उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब बंगल्यात असले की झेंडा वर, साहेब मुंबईबाहेर पडले की खाली. इंग्रज गेले, लाटसाहेबांचे राज्यपाल झाले, पण झेंड्याखाली दळवी होते तिथेच राहिले. चाळ त्यांना मागे लाटदाजी म्हणे, तोंडावर नुसतं दाजी.

दाजींनी कधी कुठल्या साहेबाचं नाव घेतलं नाही. मोठ्यांचं नाव घेऊ नये, असा त्यांचा नियम. साहेबांना ते लकबींवरून ओळखत. कुत्रेवाले, शिंकवाले, रात्रीच्या जेवणाला बूट न घालणारे. आणि सालं तर त्यांच्या लेखी नव्हतीच.

"दाजी, तुमचं लग्न कधी झालं?"

"कुत्रेवाल्यांचं दुसरं वर्ष."

"आणि वसंताचा जन्म?"

"शिंकवाल्यांच्या कारकिर्दीत. उन्हाळा होता. झेंडा महाबळेश्वरला, मी झेंड्याबरोबर. तार तिकडे आली."

स्वातंत्र्यानंतर मी एकदा त्यांना मुद्दाम डिवचलं. म्हटलं, खरं सांगा, गोरे साहेब बरे की आपले? मला वाटलं, आता तरी म्हातारा काहीतरी बोलेल. दाजींनी विडी विझवली आणि म्हणाले, "साहेब येतात नि जातात हो. दोरी तीच." मी रोज दोन वर्तमानपत्रं वाचून मतं बनवणारा माणूस. मला अशा उत्तरांचा भयंकर राग येतो.

चाळीतल्या सत्यनारायणाला दाजी पंगतीची मांडणी करत, तीही बंगल्याच्या शिस्तीने. कोणाचा पाट कुठे, याची त्यांची यादी पक्की. भाडं वसूल करणारे मेहता पहिल्या पाटावर, मुन्शिपाल्टीतले सावंत दुसऱ्या, मी सातव्या. सातव्या! मी तक्रार केली तर म्हणाले, "तुम्ही अजून टेंपरवारी आहात." तेव्हा मी कचेरीत होतोही टेंपरवारी, पण भर पंगतीत सांगायची काय गरज होती?

पण त्या पंच्याची खरी परीक्षा झाली ती ताराकाकूंचे चुलतभाऊ कणकवलीहून यायचे होते तेव्हा. ताराकाकू म्हणजे दाजींची बायको. हे चुलतभाऊ एकदा आले की महिना महिना हलत नसत आणि पहाटे चारला उठून खाकरत. काकूंनी दाजींच्या हातापाया पडून सांगितलं, आजच्या दिवस पंचा खाली घ्या आणि आत गप बसून राहा. पाहुणा खालच्या खाली गाववाल्या सावंतांकडे जाईल.

"नाय," दाजी म्हणाले. "झेंडो खोटा बोलणा नाय."

पाहुणे तेवीस दिवस राहिले. ते खाकरणं सगळ्या मजल्याने ऐकलं.

मग ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं आली. चाळीत दुसरा विषय नव्हता. पोरंटोरं जिन्यातून "झालाच पाहिजे" ओरडत खाली उतरत. दाजींचा एकुलता एक मुलगा वसंता परळच्या एका गिरणीत फिटर होता. मोर्चा असला की हा पुढे. दाजी त्याला अडवत नसत आणि शाबासकीही देत नसत.

गोळीबार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत कोणाची चूल धड पेटली नव्हती. प्रत्येक कठड्यावर काळं फडकं. दाजी नेहमीसारखे सहाला उठले, पंचा उतरवला आणि कामावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा वसंता गॅलरीत उभाच होता.

"दादा, आज झेंडा चढवलात?"

"साहेब बंगल्यात होते. चढवला."

"आमची माणसं मेली, दादा! निदान अर्ध्यावर तरी ठेवायचात."

"अर्ध्यावर आणायचा हुकूम वरून यावा लागतो."

सगळा मजला दारात उभा होता. मला वसंताचंच बरोबर वाटलं, आजही वाटतं. पण दाजींचा चेहराही मला आठवतो. बत्तीस दात असलेला माणूस एकाएकी बोळका दिसावा तसे ते दिसत होते. वसंता म्हणाला, "तुम्ही घरात असाल तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही." आणि एक पिशवी घेऊन लालबागला मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

दाजी वळले आणि पंचा चढवला.

त्यानंतर दाजींनी एक नवंच खूळ काढलं. रविवारी त्यांना सुट्टी असे, पण बरोबर चार वाजले की पंचा उतरवून बाहेर पडत. विचारलं तर म्हणत, "चौपाटीवर वाऱ्याला जातो." पावसातही वाऱ्याला जात. मी बायकोला म्हटलं, "म्हातारा मुलाच्या काळजीने भ्रमिष्ट झाला." बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला समजायला हवं होतं.

एका पावसाळ्यात माझा पाय मुरगळला आणि पंधरा दिवस मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. रविवार होता. दाजींना चांगला ताप होता, काकू नको नको म्हणत होत्या. तरी चारच्या ठोक्याला दाजींनी ओला पंचा खाली ओढला, छत्री घेतली आणि भिंतीला धरून जिना उतरले. दहा मिनिटं झाली नसतील, गल्लीच्या तोंडाशी वसंता दिसला. त्याने मान वर केली, काठीकडे बघितलं आणि तडक वर आला. आतून काकूंचा आवाज आला, "इलंस बाबा?"

मी लंगडत बायकोकडे गेलो. "अगं, वसंता आलाय! दाजी नसताना!"

"तुम्हाला आत्ता कळलं?" ती पोळी उलटत म्हणाली. "दर रविवारी येतो. पंचा बघून येतो. तो यावा म्हणून तर ते बाहेर जातात."

"आणि ते चौपाटीवर भिजत बसतात? तापात?"

"कसली चौपाटी! कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या फळीवर बसतात. पोरगा परत जाताना तिथून पाठमोरा दिसतो."

एवढी वर्षं शेजारी राहून मी या माणसाला दोरीचा गुलाम म्हणत आलो होतो.

अशी चार वर्षं गेली. शेवटी महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. तो दिवसही रविवारच होता. सकाळपासून चाळीत रोषणाई, पेढे, गुलाल. सुट्टी रद्द झाल्याने दाजी पहाटेच कामावर गेले होते, पण संध्याकाळची पाळी जोडीदारावर सोपवून साडेतीनलाच परतले. मी विचारलं, "काय दाजी, नवं राज्य कसं आहे?"

"राज्य नवं, साहेब तेच आहेत," दाजी म्हणाले. "दोरी..." आणि वाक्य अर्धवट सोडून घरात गेले.

पंचा खालीच होता.

मला वाटलं, विसरले. दारातून हाक मारली, "दाजी, पंचा राहिला!" दाजी खाटेवर बसले होते, अंगावर अजून बंगल्याचा पांढरा कोट. म्हणाले, "असू दे." काकू पुरण वाटत होत्या, त्यांचा हात थांबला.

चार वाजले. वसंता गुलालाने माखलेला गल्लीत शिरला. मान वर करून त्याने काठी बघितली आणि पेढ्यांचा पुडा सांभाळत दोन दोन पायऱ्या चढत वर आला. दाराशी येऊन जागच्या जागी थांबला.

मी माझ्या दारात उभा होतो. मला लाज नाही, मी सगळं बघितलं.

"दादा, पंचा खाली आहे," वसंता म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही घरात."

"चूक झाली," दाजी म्हणाले. "तेहतीस वर्षांत पहिलीच."

वसंता उंबऱ्याबाहेर उभा. आत यावं तर त्याचा शब्द मोडतो, परत जावं तर समोर आई. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मग वसंता मागे फिरला. मी म्हटलं, गेला. पण तो जिन्याकडे गेला नाही, कठड्याशी गेला. पुडा बगलेत धरून त्याने दोरी ओढली, पंचा पार टोकापर्यंत चढवला, दोरी बांधली, चपला काढल्या आणि घरात गेला.

मग आतून दाजींचा आवाज आला.

"गाठ उलटी मारलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी कामावर निघाले तेव्हा मी दात घासत गॅलरीत होतो. सवयीने त्यांचा हात दोरीकडे गेला. त्यांनी ती गाठ नीट बघितली, बोटाने चाचपली आणि तशीच सोडून जिना उतरले. दाजी मलबार हिलवर आणि पंचा इकडे दिवसभर वर. खाली दोघातिघांनी दाजी घरात आहेत का म्हणून मला हाक मारली. मी म्हटलं, वर पंचा दिसत नाही का? आहेत.