हजारो ओळखी आणि एक बंद दरवाजा

ओळखी कशा वाढवायच्या हे मला कुणी शिकवू नये! माझ्या मोबाईलमध्ये हजारो माणसं आहेत. त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या कंपनीची संचालक आहेत, उरलेली 'संस्थापक' आहेत, आणि सगळी रोज सकाळी उठून कशाने तरी भारावून जातात. कुणाला बढती मिळाली की मी 'अभिनंदन' लिहितो. कुणी नोकरी सोडली तरी 'अभिनंदन' लिहितो. आंघोळीच्या आधी माझं अर्ध्या उद्योगविश्वाचं अभिनंदन करून झालेलं असतं!

"यातल्या एकाला तरी भेटलायत का तुम्ही?" बायकोने एकदा विचारलं.

"भेटायचं कशाला? जोडलेले आहोत ना आम्ही!"

"बरं. मग यातल्या एकाने तरी दरवाजा घेतलाय का?"

बायकोची ही जुनी खोड आहे. छान गप्पा चाललेल्या असताना मधेच मुद्द्याचं बोलते.

दरवाजे हा माझा धंदा. घराचे नव्हेत, शीतगृहाचे. वीतभर जाड, कडेने रबर, बंद झाला की आतली थंडी आत आणि बाहेरची उष्णता बाहेर. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक आइस्क्रीमवाले. त्यांनी आपला कारखाना लांब कुठे तरी हलवला आणि आमच्याकडची वर्दळच थांबली. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे असलेले वेल्डरकाका कामच नाही म्हणून रोज एकच लोखंडी टेबल घासत बसायचे. त्या टेबलात आता तोंड दिसायला लागलं होतं! महिनाअखेरपर्यंत एखादी मोठी ऑर्डर आली नाही तर काकांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगावं लागणार होतं. त्या विचारानेच मला जेवण जात नव्हतं.

मग मी एका ओळखगुरूंचा ऑनलाइन वर्ग लावला. 'अनोळखी माणसाला आठवड्यात गिऱ्हाईक करा' असं त्या वर्गाचं नाव होतं. गुरू पडद्यावर उभे राहून कडाडायचे, "उत्पादनाविषयी बोलू नका, दृष्टीविषयी बोला! डोळ्यांत डोळे घाला! चष्मा असेल तर काढा, दोन माणसांच्या मधे काच कशाला? आणि प्रत्येक भेटीनंतर त्या माणसाबद्दल चार वाक्यं मोबाईलमध्ये बोलून स्वतःलाच पाठवा. दुसऱ्या दिवशी त्यावरून जिव्हाळ्याचा निरोप लिहा!"

मला पटलं. जिव्हाळाही पद्धतशीर असला म्हणजे बरं.

लगेच संधीही आली. शीतगृह व्यावसायिकांचं एक संमेलन एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये होतं, कडेने कंपन्यांचे स्टॉलही होते. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या दवाखान्याला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून म्हणाली, "मीही येते. तुम्ही एकटे गेलात की काही तरी करून ठेवता."

"अगं, तिथे तुझं काय काम? तिथे माणसं जोडायची असतात!"

"हो का? मग मी एका कोपऱ्यात बसते गप."

दारातच संयोजक बाईंनी आमचे मोबाईल नंबर घेऊन आम्हाला संमेलनाच्या गटात घातलं. मी चष्मा काढून खिशात टाकला. समोरची माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसायला लागली, पण गुरूंवर श्रद्धा होती. पहिल्याच धुक्याचा हात मी घट्ट दाबला.

"नमस्कार! आपली दृष्टी काय?"

"जवळचं दिसत नाही," तो म्हणाला.

ते मासळीचे मोठे व्यापारी निघाले. त्यांच्याशी बोललो, मग फुलं परदेशी पाठवणाऱ्या एका बाईंशी बोललो, मग औषध कंपनीच्या एका साहेबांशी. दर भेटीनंतर खांबाआड जायचं आणि मोबाईलमध्ये पुटपुटायचं. सकाळीच स्वतःला एक निरोप पाठवून ती जागा मी मोबाईलमध्ये सगळ्यात वर आणली होती, त्यामुळे चष्म्याची गरजच नव्हती. वरच्याच ओळीवर बोट ठेवायचं आणि बोलायचं!

"मासळीवाले. हात बर्फासारखा गार, बोलणं त्याहून गार. स्वतःखेरीज विषय नाही. उद्या लिहिणे, 'तुमचे विचार ऐकून भारावलो.' काय विचार होते ते आठवत नाही."

"फुलवाल्या बाई. सारखा खांदा चोळतात, कंटाळल्या असाव्यात. पण शीतखोल्या पुष्कळ आहेत! फुलांचं कौतुक करणे. कुठलीही फुलं चालतील."

"औषधवाले साहेब. यांच्या विनोदाला हसणे. विनोद कुठे संपतो ते कळत नाही, तरी अंदाजाने हसणे."

मधूनच कोपऱ्याकडे नजर गेली. बायको गप बसलेली नव्हती. एका धुक्याचा हात वर करून ती त्याला काही तरी विचारत होती. आली कशाला, आणि करतेय काय! मी दुर्लक्ष केलं.

जेवणाची सुट्टी झाली. लोकांनी आपापले मोबाईल काढले. आणि हॉलच्या त्या टोकाकडून मला कुणाचा तरी आवाज आला, '...बोलणं त्याहून गार.' अरे, हा आवाज ओळखीचा वाटतोय! तेवढ्यात डाव्या बाजूने आला, 'कुठलीही फुलं चालतील.' पाठीमागून आला, 'अंदाजाने हसणे.' हॉलभर मीच बोलत होतो!

मी घाईघाईने चष्मा चढवला. मोबाईलमध्ये सगळ्यात वर माझं नाव नव्हतंच. तिथे संमेलनाचा गट जाऊन बसला होता, कारण सकाळपासून सगळे त्यातच बोलत होते. माझा सगळा पद्धतशीर जिव्हाळा मी हॉलभर वाटून टाकला होता. वाचत असतानाच आणखी एक ओळ उमटली, 'तुम्हाला या गटातून काढण्यात आले आहे.'

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते खरं असतं. मासळीवाले मान उंचावून कुणाला तरी शोधत होते. ते कुणाला शोधत होते हे सांगायला नकोच! मी मागे सरकत सरकत गेलो, पाठीला एक दरवाजा लागला, तो उघडला, आत शिरलो आणि ओढून घेतला.

मग कळलं की आपण आमच्या प्रतिस्पर्ध्याच्या शीतखोलीत आहोत. प्रदर्शनासाठी उभी केलेली, आणि चालू!

मी घाबरलो नाही. शीतगृहाच्या दरवाजाला आतून ढकलायचा दांडा असतो, चुकून कुणी अडकलं तर ढकलायचा की दरवाजा उघडतो. हे मला नाही कळणार तर कुणाला? पाच मिनिटं बाहेरचं वातावरण निवू द्यायचं आणि हळूच निघायचं, असं ठरवलं. पाच मिनिटांनी दांडा ढकलला. दांडा माझ्या हातात आला! नुसता शोभेला चिकटवलेला होता. त्यांच्या स्टॉलवरचा माणूस जेवायला गेला होता. मी भिंती बडवल्या, ओरडलो. पण असल्या खोलीच्या भिंतींतून आवाज जात नाही. मीच इतकी वर्षं गिऱ्हाइकांना हे अभिमानाने सांगत आलो होतो.

बायकोला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. दुसऱ्यांदा लावला, तेच. खोलीत फुलं-भाज्या टिकतील इतपतच थंडी होती, पण मी फुलं-भाज्यांपैकी नव्हतो. गुरूंच्या सांगण्यावरून घातलेल्या कडक इस्त्रीच्या पातळ कोटाला थंडी अजिबात दाद देत नव्हती. तेव्हा मला एकदम सुचलं. अरे, आपण हजारो लोकांशी जोडलेले आहोत! लगेच लिहिलं, 'शीतखोलीत अडकलोय. दरवाजा आतून उघडत नाही. कृपया मदत करा!' आणि सगळ्या जगाला पाठवून दिलं.

क्षणात उत्तरं यायला लागली. माणुसकी आहे अजून!

'काय जबरदस्त विचार मांडलात!'

'दरवाजा आतून उघडायचा असतो, हे किती जणांना कळतं! सलाम.'

'भारावलो.'

'अभिनंदन!'

'अहो, मी खरंच अडकलोय,' मी लिहिलं. त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. 'हाच प्रामाणिकपणा हवा,' असं कुणी संस्थापक म्हणाला. ओळखगुरूंनी स्वतः लिहिलं, 'माझा विद्यार्थी!' दातावर दात आपटत मी ते सगळं वाचलं. त्या हजारांत दार उघडायला येईल असं एकही माणूस नव्हतं, आणि चूक त्यांची तरी कशी म्हणायची? मी तरी त्यांच्यापैकी कुणाचं दार उघडायला गेलो होतो?

तेवढ्यात दरवाजा हलला. उजेडाची एक चीर पडली आणि मासळीवाल्यांचा तो गार हात आत आला. त्यांच्या मागे फुलवाल्या बाई, औषधवाले साहेब, संयोजक बाई, आणि सगळ्यांच्या पुढे येऊन मला शाल पांघरणारी माझी बायको!

"तुला कसं कळलं?" मी कसंबसं विचारलं.

"अहो, लाज वाटली की तुम्ही दार लावून बसता. घरी बाथरूम असतं. इथे दार असलेली ही एकच खोली होती."

संसार केला म्हणतात तो असा! मला त्या थंडीतही भरून आलं.

सगळं नंतर कळलं. बायकोचा फोन आवाज बंद करून पर्समध्ये पडलेला होता. मासळीवाल्यांनी माझं ते बोलणं माझ्या बायकोलाच ऐकवलं होतं, "बघा हो ताई, काय एकेक माणूस असतो!" त्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "हा माझाच आहे." आणि तरीही कुणी तिच्यापासून दूर सरकलं नाही. कारण तोपर्यंत तिला मासळीवाल्यांची टाच का दुखते ते माहीत होतं, आणि त्यांची आई एकटी राहते तेही. औषधवाले साहेब एवढे विनोद का करतात तेही तिला कळलं होतं. त्यांना परक्या माणसांची धास्ती वाटते म्हणे! तिने कुणालाही दृष्टी विचारली नव्हती. नुसतं "बसा, काय होतंय?" एवढंच विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून घेतलं होतं. मी सकाळभर हात दाबत फिरलो, तिने माणसं जोडली. माझी बायको आहे म्हणून सांगत नाही, पण असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"माझा हात गार म्हणालात ना?" मासळीवाले म्हणाले. "आता तुमचा द्या बघू!" सगळे हसले. मीही हसलो, आणि या वेळी अंदाजाने नव्हे.

फुलवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या हातातल्या दांड्याकडे बघत होत्या.

"तुमचेही दरवाजेच ना?"

"हो," मी म्हणालो.

"माझ्याकडे बायका दिवसभर थंड खोल्यांत फुलं निवडतात. मागे एक जण अशीच आत अडकली होती. तेव्हापासून दरवाजा लागल्याचा आवाज आला की माझा हा खांदा ताठ होतो. तुमचा दांडा चालतो?"

आता दृष्टीविषयी बोलायला हवं होतं, पण दात वाजत असताना दृष्टी सुचत नाही. म्हणून खरं तेच सांगितलं. "आमचा प्रत्येक दरवाजा बाहेर जायच्या आधी वेल्डरकाका मला आत कोंडतात. दिवा बंद करून, हाताला तेल लावून. मला स्वतःहून बाहेर येता आलं तरच तो दरवाजा गाडीत चढतो. एकदा जरा अडकला, तर काकांनी तो दरवाजा पूर्ण सुटा करून पुन्हा जोडला. वडील असल्यापासूनची पद्धत आहे."

"हे सकाळी का नाही सांगितलंत? सकाळी तुम्ही मला गुलाब आवडतात का असं विचारलंत. दोनदा!"

बायको म्हणाली, "ताई, तुम्ही या ना आमच्याकडे. तुम्ही स्वतः आत जाऊन बघा. खांद्याचंही बघू मग."

त्या आल्या. मला नाही, काकांनी त्यांना कोंडलं. दिवा बंद, हाताला तेल. काका बाहेर श्वास रोखून उभे, मी त्यांच्या मागे. खटकन दरवाजा उघडला आणि बाई बाहेर आल्या. त्यांनी खांदा सैल सोडला आणि म्हणाल्या, "माझ्या सगळ्या खोल्यांना हेच बसवा." काकांनी टेबल घासायचं फडकं घडी करून ठेवून दिलं आणि पट्टी घेऊन मापं काढायला बसले. मला जरा डोळे पुसावे लागले. वेल्डिंगचा धूर असतो कारखान्यात, दुसरं काही नाही!

त्या निघताना मी रुबाबात म्हणालो, "बाई, माझा नंबर घेऊन ठेवा. आता आपली ओळख झाली."

"आहे की माझ्याकडे. संमेलनाच्या दिवशीच घेतलाय."

माझी छाती फुगली. त्या गोंधळातही आपली छाप पडली होती तर! त्यांनी मोबाईल पुढे धरला. मी चष्मा नीट केला आणि वाचलं.

बायकोच्या नंबरासमोर नाव होतं 'खांद्यावाल्या ताई', आणि त्याखाली माझ्या नंबरासमोर कंसात, 'मिस्टर. दरवाजे करतात.'