थूलकाकांचे नकाशे

थूलकाकांनी आजवर कुणाला पहिल्या भेटीत नाव विचारलेलं नाही. ते विचारतात, "आईचं माहेर कोणतं?"

मीही सुटले नाही. वर्ध्याच्या एका रुग्णालयात आनुवंशिक तपासणीचा विभाग नुकताच उघडला होता. मी तिथे समुपदेशक म्हणून रुजू व्हायला गेले, तर प्रयोगशाळेतले हे जुने तंत्रज्ञ दारातच उभे. पाच मिनिटांत माझ्या नेमणूकपत्राच्या मागे आमचं खानदान हजर झालं. पुरुष चौकोन, बायका गोल, मधे रेघा. शिपाई चहा घेऊन आला, त्याला त्यांनी हातानेच थोपवलं.

"आधी नकाशा, मंग चाय."

एका मावशीला मुलं किती, ते मला सांगता येईना. "काऊन? मावशी हाये ना तुही? इचारून येजो." त्या एका गोलापायी आईला बहिणीशी कित्येक वर्षांनी बोलावं लागलं. काकांना तिने अजून माफ केलेलं नाही.

काकांच्या या वेडाला कारण होतं. आमच्याकडे सिकलसेल गावोगाव आहे. गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि माणूस वेदनेने पिळून निघतो. आईबाप दोघंही वाहक असले, तर मूल आजारी निघू शकतं. वाहकाला मात्र स्वतःला काही होत नाही, त्यामुळे त्याला ते पटतही नाही. म्हणून काका लग्न लागण्याआधीच लोकांना गाठायचे. साखरपुड्यात ते नवरदेवाचा हात प्रेमाने हातात घेत, पण नजर शिरेवर असे. पुढे पुढे लोक त्यांना पत्रिका लग्न झाल्यावर पाठवू लागले.

विभागात डीएनए तपासायचं मशीन आलं. काकांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "याईले एसी पाहिजे, गाळलेलं पाणी पाहिजे, अन् जराशी लाइट गेली का रुसून बसते." रोज सकाळी ते त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसत. तो रुमाल ते घामाला लावत नसत.

शिकवायला पुण्याहून एक तरुण डॉक्टर आले. वंशावळ आता कॉम्प्युटरवर काढायची, म्हणाले. समोर नाचणगावची म्हातारी बसलेली. कॉम्प्युटरने थोरल्या मुलाची जन्मतारीख मागितली.

"मी कापूस येचून राह्यलती, तवा झाला," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी कीबोर्डवर बोटं धरली आणि धरूनच ठेवली. ते रकाना शोधत असताना काकांनी पाठकोऱ्या कागदावर चार पिढ्या उतरवल्या. "लिव्हा साहेब, येचनीच्या टायमाले."

यंदा पोळा झाल्यावर सेलूच्या सुमनबाई आपल्या गरोदर लेकीला घेऊन आल्या. लेक आणि जावई दोघंही वाहक. मी नेहमीप्रमाणे काकांना हाक मारली. ते दारापर्यंत आले, बाईंना पाहिलं आणि म्हणाले, "हा नकाशा तूच काढ, पोरी."



पोटातल्या बाळाच्या वारेचा इवलासा तुकडा तपासायचा होता. तोवर असे नमुने मुंबईला जात. इथेच तपासायचा हा पहिलाच. काकांनी तो एकदा तपासला. पुन्हा तपासला. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा. दोन दिवस त्यांनी कुणालाही आईचं माहेर विचारलं नाही.

बाळ नुसतं वाहक निघालं. आजार नव्हता. मी सांगितलं तशी लेक आधी रडली, मग हसली. सुमनबाई मात्र उठून सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी गेल्या. मागोमाग मी.

"प्रल्हाद," त्या म्हणाल्या.

काकांना नावाने हाक मारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

"पोरगी खुश हाये ना?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"हाये. आपल्या दोघायचं रक्त तुनंच तपासलं होतं. मंग सोयरीक तुनंच मोडली. सारं गाव म्हणे, पोराले नोकरीचा माज आला. तू आयकून घेतलं. पन माह्या रक्तात काय हाये, ते कोणाले सांगतलं नाई."

काका हातातली नळी पुसत राहिले. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"मले दुसरीकडं देल्लं. नवरा चांगला भेटला. तू मात्र लगनच नाई केलं." मग बाईंनी मशीनकडे पाहिलं. "हे तवा असतं तर, प्रल्हाद?"

काकांनी नळी खाली ठेवली.

"तवा मुंबई लय दूर होती, सुमन."

बाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या वळल्या. काका घाईने बाहेर आले.

"लेकीले सांभाळून नेजो," ते म्हणाले. "जिन्याची खालची पायरी फुटली हाये."

आणि बाईंच्या आधी स्वतःच जिना उतरून त्या पायरीजवळ जाऊन उभे राहिले.