खिशाकडे बघणारी मुलं

प्रिय सई आणि अर्णव,

इराच्या प्रॉमचा फोटो मी तुम्हाला नाशिकला पाठवला, तेव्हा तुम्ही विचारलंत, की ही नटूनथटून उभी राहिलेली मुलं कॅमेऱ्याकडे न बघता एका काकांच्या खिशाकडे का बघताहेत? प्रश्न रास्त आहे. फोनवर सांगायला गेले की तुम्ही दोघं मध्येच बोलता, म्हणून लिहिते. शिवाय नाताळात तुम्ही इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आलात की हे काका तुमचेही फोटो काढणार. आधी माहीत असलेलं बरं.

हे दिनूकाका, इराचे बाबा. तुमच्या आत्याच्या, म्हणजे मी लेकीकडे राहते त्या घराच्या, समोरच राहतात. मूळचे यवतमाळचे. फोटो काढताना त्यांचं तोंड बंद राहत नाही. समोर जे असेल ते मोठ्याने सांगत सुटतात, आणि सुरुवात ठरलेली: "नोंद घ्या." हिवाळ्यात बर्फ पडल्यावर अंगणातला फोटो काढताना, "नोंद घ्या, गाडी दिसतच नाही, नुसती कापसाची गंजी!" गणपतीत आत्याच्या नैवेद्याचा फोटो काढताना, "नोंद घ्या, मोदक झकास, पण नाकं बसलेली." आत्या शेजारीच उभी होती. त्या दिवशी दिनूला दुसरा मोदक मिळाला नाही.

एकदा मी विचारलं, "दिनू, तू फोटो बटण दाबून काढतोस की तोंडाने?"

"दोन्ही लागतं, मावशी," तो म्हणाला आणि लगेच माझ्याकडे कॅमेरा वळवला. "नोंद घ्या, मावशी रागावल्यात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर."

मी ती खोड समजत होते. माणसाला एखादी खोड असायचीच.

आता प्रॉम म्हणजे काय ते सांगते. इथे शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलांचा नाचाचा मोठा समारंभ असतो. मुली लांब झगे घालतात, मनगटाला फुलं बांधतात, मुलं सूट घालून अवघडतात. निघण्याआधी कुणाच्या तरी अंगणात जमायचं आणि आईवडिलांनी फोटो काढायचे, ही रीत. या मे महिन्यात सगळी दिनूच्या अंगणात जमली. मीही गेले.

इराने बापाला सकाळीच बजावलं होतं. "बाबा, माझे सगळे फ्रेंड्स येणार आहेत. प्लीज, आज नो नोंद घ्या. प्रॉमिस कर."

दिनूने प्रॉमिस केलं आणि पाळलं. गळ्यात कॅमेरा, ओठ घट्ट मिटलेले, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा. हाताने खुणा करून तो मुलांना पुढेमागे सरकवत होता. मध्येच एक हात शर्टाच्या खिशावर ठेवायचा. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय!

तो स्वतः एकाही फोटोत नव्हता, म्हणून मी त्याला मुलांच्या मधोमध उभं केलं आणि माझा मोबाइल धरला. तेवढ्यात त्याच्या खिशातून खणखणीत आवाज आला.

"दिनू! काहून रे चूप बसला? पोरीनं काय घातलं ते सांग ना!"

मी दचकले आणि बटण दाबलं गेलं. तुम्हाला पाठवला तो फोटो हाच. तिरका आहे तो म्हणूनच.

इराने त्याच्या खिशातून फोन काढला. "आजी? तू जागी आहेस? तिकडे रात्र आहे ना! अगं, बाबा फोटो पाठवतील."

"फोटो घेऊन काय करू, बाई? मले दिसते कुठं आता?"

आजी बोलून गेल्या. दिनूने मान खाली घातली.

"बाबा?" इरा म्हणाली.

"काचबिंदू," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगायचं नाही म्हणून आईनं शपथ घातलीय. तुला तर मुळीच नाही. व्हिडिओ कॉलवर ती तुझा ड्रेस छान आहे म्हणते ना, तो मी आधी सांगितलेला असतो."

म्हणजे इतके दिवस तो खिसा ऐकत होता. आत्याच्या मोदकांची नाकंही यवतमाळला पोचली होती.

इराच्या डोळ्यांतलं काजळ धोक्यात आलं. मैत्रिणी काय झालं म्हणून विचारत होत्या. तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि फोन तोंडाशी धरला.

"आजी, नोंद घ्या," ती म्हणाली. "ड्रेस ग्रीन आहे."

"हिरवा म्हणजे कोणता? कैरीचा की पोपटाचा?"

इरा अडली. तिने दिनूकडे पाहिलं. तो ओठ मिटून उभाच. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस.

"मूग!" इरा ओरडली. "आजी, अख्खा मूग!"

"अगं बाई," आजी म्हणाल्या, "मग तर लई गोड दिसत असशील."

मग एकेका मित्राला पुढे ओढून इराने त्याचं वर्णन केलं. एकाचा सूट वांग्याच्या रंगाचा निघाला. आजींनी विचारलं, "भरताचं वांगं की काटेरी?" दिनू तेव्हा झाडाकडे तोंड करून कॅमेऱ्याची काच पुसत होता. बराच वेळ पुसत होता.

इरा आता कॉलेजच्या गावी राहते. दिनू परवा आमच्या अंगणातल्या पानगळीचा फोटो काढून गेला. आजींना सांगायचं काम आता इराने घेतलंय, त्यामुळे खिशात फोन नव्हता, तरी सवयीने "नोंद घ्या" म्हणाला आणि स्वतःच थांबला. तुम्ही आलात की त्याला बोलू द्या.

आजी यवतमाळला आहेत. दर रविवारी इरा त्यांना फोन करते आणि खिडकीतून काय दिसतं ते मराठीत सांगते.