सांता रुफीनाचे तिसावे कुटुंबप्रमुख

"ही हकीकत कुणालाच खरी वाटणार नाही, म्हणूनच ती शपथेवर सांगतो," असं म्हातारा क्रिसान्तो बाका सांता रुफीना नगराच्या स्थापनादिनाच्या पंगतीत, पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्शाच्या, वाडग्यापुढे बसून, दरवर्षी बजावतो.

नगर वसवायला माणसं लागतात, हा अडाण्यांचा समज आहे. लागतो एक खांब, एक कप्तान आणि बऱ्या अक्षराचा एक कारकून. माणसं सवडीने आली तरी चालतात.

कप्तान डॉन इनीगोंनी माळावर न्यायदानाचा खांब रोवला, ताब्याची खूण म्हणून चार मुठी गवत उपटलं आणि तलवार उपसून "कुणाची हरकत?" असं तीनदा विचारलं. नदीकाठच्या मूळ रहिवाशांनी हरकत घेतली, पण स्वतःच्या भाषेत घेतली. सबब 'हरकत नाही' अशी नोंद झाली.

नियमाने तीस कुटुंबं हवी होती. होती अकरा. क्रिसान्तोचे पणजोबा, कारकून मेल्चोर, यांनी तीस लिहिली. (शाई उरली म्हणून एक कारंजंही लिहिलं.)

तिसऱ्या वर्षी राजधानीहून तपासनीस निघाल्याची खबर आली. खोट्या दस्ताची शिक्षा ठरलेली होती: कारकुनाचा उजवा हात.

"सही तुमची आहे, कप्तानसाहेब," मेल्चोर रडकुंडीला येऊन म्हणाले.

"पण अक्षर तुझं आहे ना, बाळा! काय वळणदार!"

तपासनीस जेवून, पिऊन खांबापाशी बसले. नाव पुकारलं की कुटुंबप्रमुखाने टोपी काढून "हजर!" म्हणायचं. अकरा जण टोप्या बदलत चर्चमागून फिरून पुन्हा पुन्हा येऊ लागले. (चर्चला पुढची भिंत तेवढी होती, मागे ऐसपैस जागा.) एकोणतीसपर्यंत निभावलं. मग सगळेच धापा टाकत भिंतीमागे आडवे झाले.

"तीस! बार्तोलो केसादा!"

मेल्चोरनी उजव्या हाताकडे शेवटचं पाहून घेतलं आणि त्याच हाताने चर्चच्या गाढवाला घोंगडी पांघरवून, टोपी घालून पुढे ओढलं.

"बोलत का नाही हा?"

"विधुर आहे, साहेब. दुःख ताजं आहे."

"धंदा?"

"ओझी वाहतो."

"आणि हे कान?"

"खानदानी."

तपासनिसांनी डोळे चोळले आणि शेरा मारला: 'सरहद्दीला असेच अबोल, कष्टाळू वसाहतकार हवेत.' नगर मंजूर झालं. हातही वाचला.

"धादांत खोटं!" पंगतीतल्या पहिल्या पाटावरून डॉन फाब्रिसियो केसादा कडाडले. "अहो म्हातारबुवा, बार्तोलो केसादा माझे सख्खे पणजोबा! त्यांचंच रक्त आहे या अंगात!"

पंगत पोट धरून हसली. क्रिसान्तोने शांतपणे वाडगा पुसून घेतला.

"पटतंय हो, डॉन फाब्रिसियो. पण बाकीचे हे जे हसताहेत, ते यादीत कितवे? पहिल्या अकरांतले की त्यापुढचे?"