शे का?

खैरनार अण्णा कुठल्याही बंद जागेत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरकी करून, जवळ जो कुणी असेल त्याच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "शे का?"

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. सगळं आयुष्य नाशकात गेल्यामुळे बाकीची भाषा शहरी झाली होती. हा एक 'शे' तेवढा राहिला होता. बँक असो, मंगल कार्यालय असो, दातांचा दवाखाना असो, टाळी ठरलेली. एकदा लिफ्टमध्ये वाजवली तर लिफ्टमन बिचारा स्टुलावरून उठून उभा राहिला. आणि काय शे, हे कुणालाच कळायचं नाही. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. मी म्हटलं, "चहा सांगितलाय हो. टाळ्या कशाला वाजवताय?"

"तुझ्या ऑफिसात आवाज मरतो," अण्णा जाड पडद्यांकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले. "म्हणूनच तू एवढा ओरडून बोलतोस, सिन्नरकर."

मी सिन्नरचा. अंबडच्या एका कारखान्यात लाकडी खोकी ठोकत सुरुवात केली. आज सभागृहांचं लाकूडकाम, छत, खुर्च्या, सगळं करतो. घासाघीस केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळसुद्धा घेत नाही. रागही पटकन येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अण्णांबद्दल माझ्या मनात एक अढी आहे आणि ती मी लपवणार नाही.

आमच्या शहरातल्या एका जुन्या सभागृहाच्या दुरुस्तीचं काम मला मिळालं होतं. नाटकं आणि गाण्याच्या मैफली, दोन्हींसाठी बांधलेलं सभागृह. ते बांधलं तेव्हा अण्णा तिथं नकाशे काढायला होते. आराखडा करणारे मोठे साहेब कधीच वारले, नकाशे उंदरांनी खाल्ले, उरले अण्णा. म्हणून वरच्यांनी त्यांना सल्ल्याला बोलावलं. मानधन नाही, गाडी नाही. तरी म्हातारा रोज सकाळी माझ्या माणसांच्या आधी दारात उभा.

"हे सूप आहे, सूप," ते माझ्या सुतारांना सांगायचे. "स्टेजकडं अरुंद, मागं रुंद. बाई धान्य पाखडते तसा आवाज मागं फेकतं. वर छताला लाटा बघ. प्रत्येक लाट एकेका रांगेची. माईक लागायचा नाही इथं!" सुतार काम थांबवून ऐकत बसायचे आणि माझी हजेरी भरत राहायची.

पहिल्याच दिवशी अण्णांनी मला एक गोष्ट बजावली. "काहीही कर, उजव्या भिंतीला हात लावायचा नाही."

मी नाही लावला. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला जी भिंत येते, तिच्याकडे मी फिरकलोसुद्धा नाही. डाव्या भिंतीवरची सागवानी पट्ट्यांची चौकट मात्र तिरकी होती. सूत लावून बघितलं, तर मागच्या टोकाला चांगली चार बोटं बाहेर आलेली. जुन्या लोकांची चूक, म्हटलं आपण सुधारू. अण्णा तेव्हा आजारी पडून घरी होते. पंधरा दिवस खपून ती भिंत अशी सरळ केली की ताणलेल्या सुतात आणि तिच्यात केसाएवढंही अंतर दिसू नये. पाहणीला साहेब लोक आले, तेव्हा मी मुद्दाम तिथंच उभा राहिलो.

त्याच दिवशी परतलेल्या अण्णांनी ती भिंत पाहिली आणि तिच्यावरून तळहात फिरवला. मग असे ओरडले की छताच्या सगळ्या लाटांनी तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला.

"उजवीला हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"ही डावी आहे, अण्णा."

"अरे गाढवा, उजवी कुणाची? सभागृहात उजवी स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाची! तिकीट काढून आत येणाऱ्याची नव्हे!"

नाटकवाल्यांची उजवी आणि आपली उजवी वेगळी असते, हे खोकी ठोकणाऱ्या माणसाला कोण सांगणार? पण चाळीस माणसांसमोर, साहेबांसमोर, मी गाढव ठरलो. भिंत उचकटून पुन्हा जशी होती तशी, तिरकी, बसवावी लागली. वर माझ्याच माणसांना एक विनोद मिळाला. जेवताना एक म्हणायचा, "लोणचं उजवीकडं सरकव रे," की दुसरा, "उजवी कुणाची?" आणि सगळे माझ्याकडे बघून खाली मान घालायचे.

तेव्हापासून मी अण्णांच्या पाठीमागे त्यांना यथेच्छ शिव्या घालत असे. खडूस, सनकी, तिरक्या भिंतीचा जावई. ते दोन हातांवर उभे असायचे, पण वळून कधी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस आहे.

एके दिवशी त्यांच्या मागेच पाच-सहा फुटांवर वरून एक जाड फळी पडली. सगळं सभागृह दणाणलं. माझ्या हातातला चहा सांडला. अण्णा मात्र हातातल्या कागदावर शांतपणे रेघ ओढत राहिले. त्यांचा खांदासुद्धा हलला नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग मागे वळून फळी पाहिली.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. "ओठ वाचतो मी. चार वर्षं झाली. वरच्यांना सांगू नको. बहिऱ्याला कोण विचारील आवाजातलं?"

म्हणजे टाळी त्यांना ऐकूच येत नव्हती. 'शे का?' हा चाळा नव्हता. तो माणूस खरंच विचारत होता, आणि आम्ही हसत होतो.

काम संपत आलं तेव्हा वरून नवा हुकूम आला. दोन्ही भिंतींवर कमरेपर्यंत गालिचा चढवायचा, शोभा येते. मी चढवला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला शेवटच्या रांगेत, त्या तिरक्या भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टेजवर जाऊन टाळी वाजवली. लगेच खाली उतरून, धापा टाकत ते माझ्यासमोर आले.

"शे का?"

टाळी आली होती, पण लांबून, गोधडीत गुंडाळल्यासारखी. मी म्हटलं, "शे, अण्णा. एकदम झकास."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "भाव सांगताना तुझं तोंड असंच होतं," म्हणाले, आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. सभागृह बांधलं त्या वेळी, उद्घाटनाच्या आधी, चाचणी म्हणून एक मैफल झाली होती. भिंती तेव्हा नुसत्या विटांच्या होत्या. कामगारांना एकेक पास मिळाला. अण्णांच्या वाट्याला ही शेवटच्या रांगेतली, भिंतीकडची खुर्ची. त्यांनी तिथं आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, बसवलं आणि स्वतः विंगेत उभे राहिले. रात्री सायकलवरून घरी जाताना काकू म्हणाल्या, "भैरवी काय गोड झाली हो!"

"मैफल भैरवीनं संपते, एवढं तिला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "पण त्या दिवशी बुवांनी भैरवी गायलीच नव्हती. दुसऱ्याच रागातला अभंग म्हटला आणि उठले. तिला काही ऐकूच आलं नव्हतं, सिन्नरकर. तीन तास बसली, लोक वाजवतील तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून भैरवी गोड झाली म्हणाली."

पुढच्या आठवड्यात भिंतीच्या लाकडाचा नकाशा त्यांच्या हातात आला. मोठ्या साहेबांना न विचारता त्यांनी त्यात चार बोटांचा फरक केला. आवाज त्या भिंतीवर आपटून या एका खुर्चीकडे वळावा म्हणून. नंतर काकू प्रत्येक मैफलीला तिथंच बसल्या, शेवटपर्यंत.

"ती जाऊन सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "खुर्ची कुणाचीही असेल आता. पण ऐकू यायला पाहिजे."

दुरुस्तीनंतरच्या उद्घाटनाला अण्णा नव्हते. मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला होता.

मी वरच्यांना सांगितलं की भिंतीवरच्या गालिच्यामागे वाळवी धरते. वाळवीचं नाव काढलं की साहेब लोक ताबडतोब सही करतात. गालिचा उतरवला, त्या खुर्चीत बसलो आणि एका सुताराला स्टेजवर टाळी वाजवायला सांगितलं. ती टाळी समोरून आली आणि भिंतीनंही हातात धरून आणून दिली. शेजारी बसून कुणीतरी वाजवावी तशी, भरून.

फोन करून उपयोग नव्हता. मी मोबाइलवर एकच शब्द लिहिला, "शे."

संध्याकाळी उत्तर आलं, "उजवी कुणाची?"

माझं डोकं सणकलं. चाळीस माणसांसमोर गाढव म्हटल्याची माफी या माणसानं अजून मागितलेली नाही, आणि वर हे. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, "काकूंची."

निळ्या खुणा उमटल्या. मग ते पिवळ्या हातांचं टाळीचं चित्र आलं.

एकच.